धागा तुटल्यावर

मे महिना. अक्कलकोट रोडला पत्र्याखाली बेचाळीस.
मागांच्या आवाजात आम्ही ओठ वाचून बोलतो.
दुपारी लाइट गेली
तेव्हा शांतता इतकी अचानक आली
की कानात माझंच रक्त ऐकू आलं,
कांडी भरताना येतो तसा बारीक सूं सूं.
म्हटलं, हा एक चालूच आहे होय!

घरी आलो. नागमणी बिडीची पानं कापत होती,
पानावर पत्र्याचा फर्मा, फर्म्याच्या कडेनं कात्री,
मांडीवर सूप.
माझ्याकडे बघितलं आणि कात्री सटकली.
हात आधी मागे आला,
'अम्मा' नंतर.

स्रवंतीची दहावी. पुस्तकातनं मान वर न काढता म्हणाली,
"नान्ना, बघितलंत? हातानं मेंदूला विचारलंच नाही.
पाठीच्या कण्यातच निकाल लागला,
मेंदूला फक्त कळवलं."

म्हणजे मालकाला न विचारता जॉबरनं माग थांबवावा, तसं?
"तसंच. आणि हळद नका शोधू, दाबून धरा."

दाबून धरलं.
माझ्या अंगठ्याखाली तिची नाडी, ठक ठक ठक,
लग्नात हात धरला होता तेव्हाही अशीच पळत होती,
तेव्हा मला कारण माहीत नव्हतं.

पोरगी कारण सांगते:
मूत्रपिंडांवर दोन टोप्या असतात,
घाबरलं की त्या रक्तात चिठ्ठी सोडतात.
चिठ्ठीवर नाव नाही. ज्याला वाचता येते तो वाचतो.
काळीज वाचतं आणि धावतं,
श्वासाच्या नळ्या रुंद होतात,
पोट वाचतं आणि काम बंद ठेवतं.
"म्हणून आईला आता जेवण जाणार नाही."

"जाईल की," नागमणी म्हणाली,
"हजार पुरे होऊ देत आधी."

मोरीत पिंपाचा तळ दिसत होता. पाणी परवा यायचं.
अंगातलं पाणी कोण मोजतं गं? मी विचारलं.
घाम फार गेला की मेंदू निरोप धाडतो, म्हणाली,
आणि मूत्रपिंडं तोटी आवळतात.
आपल्या गल्लीसारखं?
"गल्लीसारखं नाही, नान्ना. तिथं भांडणं नसतात."

बोट उघडून बघितलं. रक्त थांबलेलं.
कुणी थांबवलं?
"रक्तात सूत असतं," पोरगी म्हणाली,
"विरघळलेलं, दिसत नाही.
जखम झाली की त्याचे धागे होतात,
धाग्यांचं जाळं होतं, तांबड्या पेशी त्यात अडकतात.
फायब्रिन म्हणतात."

मी तो शब्द दोनदा म्हणून बघितला.
एकतीस वर्षं तुटलेले धागे जोडतोय.
ताण्यातला एक तुटला की पट्टी पडते, माग उभा राहतो,
गाठ मारायची, मग हँडल ओढायचं.
इथं चालत्या मागावर गाठ बसली,
एक फेरा न चुकता,
आणि कारागीर कुठं दिसला नाही.

मला हसू आलं. हसताना खोकला आला,
तो नेहमीसारखा थांबेना.
स्रवंती उठली, माझ्या पाठीला कान लावून बसली.
बराच वेळ.
तीस वर्षांची कापसाची भुकटी
आतून कशी ऐकू येते कोण जाणे.
मग जागेवर गेली, पान उलटलं,
आणि पुढचं मनातल्या मनात वाचलं.

ती भात लावायला उठली तेव्हा मी पुस्तक ओढलं.
तिच्या पेन्सिलीची रेघ होती एका ओळीखाली:
फुप्फुस कमी पडलं
तर त्याचा भार हृदय उचलतं.

लाइट आली. पंखा फिरला, पानं उडाली.
नागमणीनं बोटाला टॉवेलच्या किनारीची चिंधी बांधली
आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.
बांधलेलं बोट बाजूला ताठ.
त्याचं काम शेजारचं बोट करू लागलं,
पहिल्या चार बिड्या वाकड्या,
पाचवी बरी.

मला कारखान्यावर जायचं होतं.
चप्पल पायात अडकवून
उगाचच थोडा वेळ उंबऱ्यात उभा राहिलो.