मोहरीएवढा

बेनी नदीच्या काठी, शाळेच्या बाकावर
कारची बॅटरी, हेलियमची बाटली
आणि काचेच्या नळीत
मोहरीएवढा प्लाझ्मा.

कोऱ्या तारेवरच आधी पिवळं पेटतं :
सोडियम. माझ्याच बोटांचा घाम.
पुसतो, पुन्हा सुरू.

एल्फ्रिदा मानेमागची बट कापून देते.
"मासे नाही खायचे, तर काय खायचं?"
विचारते नदीकडे बघत.
वळणापलीकडे सोनं धुणारा पंप धडधडतोय,
तिचा थोरला तिथेच कामाला.

तार तापते. केसाचा वास.
पाऱ्याची रेघ डोळ्यांना दिसत नाही,
दोनशे त्रेपन्नच्या पुढे जराशी
ती पडद्यावर उभी राहते,
सरळ, उंच.

मी आकडा सांगतो.
ती दुसऱ्यांदा विचारत नाही.

"मालव तो दिवा," म्हणते,
"गॅस महाग असेल."