सदतीस बिऱ्हाडं

ग्दिनियाच्या बंदरात, शीतगृहाच्या तळघरात
सदतीस सर्व्हर होते, प्रत्येकाला माशाचं नाव.
कॉडवर पगार. हेरिंगवर गोदामं.
ईलवर कस्टम्सचे कागद,
तो ऐन वेळी हातून निसटायचाच.
नावं ठेवणारा येरेमी केव्हाच नॉर्वेला निघून गेला.
मागं राहिली बोगुमिवा, बावीस वर्षं,
पंख्याच्या आवाजावरून ओळखणारी
आज कोण कण्हतंय.

मग व्रोत्सवाफहून तिमोन आला, पातळ लॅपटॉप घेऊन.
मोजमाप करून म्हणाला, सरासरी सहा टक्के.
बाकी वेळ ही मंडळी वीज खाऊन
नुसती ऊब धरून बसतात.
दोन मोठी यंत्रं घेऊ. एक जागं, एक राखीव.
छप्पर एक, चूल एक, कुलपं ज्याची त्याची.

भांड्याला भांडं लागेल, बोगुमिवा म्हणाली.
आणि बिऱ्हाडं हलवायला लागली.

दर शनिवारी रात्री, शेवटचा ट्रक गेल्यावर,
एकेक डेटाबेस उचलायचा,
ओळी मोजायच्या इथं, ओळी मोजायच्या तिथं,
पत्ता बदलायचा,
आणि थर्मासमधली कॉफी संपेपर्यंत वाट बघायची
कुणाचा फोन येतो का.
कॉड हलला तेव्हा खलाशांच्या आडनावांत
जिथं जिथं कापलेला एल होता
तिथं प्रश्नचिन्ह उगवलं.
सोमवार उजाडेपर्यंत तिनं
चारशे अकरा एल
एकेक करून परत कापले.

शेवटी उरला फ्लाउंडर.
मालक नाही. कागद नाही. २००९ नंतर एक नवी नोंद नाही.
बंद करा, तिमोन म्हणाला.
पण रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
कुणीतरी त्याला विचारायचं:
चार नंबरच्या खोलीत आज किती माल उतरला?
आणि तो सांगायचा: शून्य.
रोज. न कंटाळता. शून्य.

कोण विचारतंय ते शोधायला तिला नऊ दिवस लागले.
हेलच्या चिंचोळ्या दांड्यावर, समुद्राला पाठ करून
मासे धुरवायची एक भट्टी आहे,
तिथं भिंतीवर एक जुना स्क्रीन.
गेर्त्रूदा बुजिश फोनवर म्हणाली,
वाचत कोण बसतंय त्यावर?
तो उजळतो, खोलीत हिरवा उजेड पडतो, मी उठते.
ओल्डरची लाकडं पेटायला वेळ घेतात, बाई.

तर फ्लाउंडरही हलवला,
सगळ्यांत हलका, एका कोपऱ्यात मावला.
आठवडाभर ठीक चाललं.
महिनाअखेर पगाराचं गणित सुटलं
आणि कॉडनं सारी चूल अडवली.
गोदामं ताटकळली, कस्टम्स ताटकळलं,
आणि हेलला
उजेड पडला दोन एकतीसला.
भट्टी उशिरा पेटली. मासे कच्चट राहिले.
गेर्त्रूदानं तक्रार केली नाही,
फक्त विचारलं, तुमच्याकडे कुणी आजारी आहे का?

त्या दुपारी बोगुमिवानं
प्रोसेसरचा एक टक्का
फ्लाउंडरच्या नावावर राखून ठेवला.
कॉडनं कितीही ओरडावं, त्या वाट्याला हात लावायचा नाही.
फॉर्ममध्ये रकाना होता: व्यावसायिक कारण.
तिथं तिनं लिहिलं, धूर.
तिमोननं वाचलं, तिच्याकडे बघितलं,
आणि सही केली.

आता तळघरात दोनच यंत्रं.
रिकाम्या मांडण्यांवर स्क्रूची भोकं,
काही खालच्या फळीला अजून येरेमीच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या.
वीजबिल निम्म्याच्या खाली आलं, साहेब खूश आहेत.
बोगुमिवाला मात्र पहिल्यांदाच
तिथं स्वेटर घालून बसावं लागतं.

कधीमधी तेलकट कागदात गुंडाळून
दोन मॅकरेल येतात, पाठवणाऱ्याचं नाव नसतं.
ती कळफलकाशेजारीच खाते,
बोटं पुसते,
आणि दोन दहाची नोंद बघते:
विचारलं. सांगितलं. शून्य ओळी.
चार मिलिसेकंद.