नमुना क्रमांक सात

हेलसिंकीहून मंत्री आले तेव्हा क्यूमी नदी गोठलेली.
बंद पेपर मिलच्या फाटकाशी
हातमोजे न काढताच बोलले :
निधी मंजूर आहे. दोन वर्षं भत्ता,
शिवाय प्रशिक्षण –
वेल्डिंग, संगणक, वृद्धसेवा.

सोमवारी माझ्या काउंटरवर ओइवा हुक्कानेन.
वय छप्पन्न. तीन नंबरच्या मशीनवर एकतीस वर्षं.
मी फॉर्म सरकवला.
त्यानं वाचला नाही,
अंगठा-तर्जनीत धरून चोळला,
खिडकीच्या उजेडात आडवा धरला.
"ऐंशी ग्रॅम," म्हणाला, "आपला नाही.
बाहेरून मागवलाय."

मग वृद्धसेवेपुढे फुली मारली
आणि कागदाच्या धाग्याच्या कलानं
एकच घडी घातली,
सुरीनं कापावी तशी.

फाइलला लावायला फॉर्म सपाट लागतो.
संध्याकाळपर्यंत
मला ती घडी मोडवली नाही.