वाटेकरी

मिंदेलो बंदरात मी गोण्या मोजतो.
दिवसाला आठशे, नऊशे. सिमेंट, तांदूळ, कधी कांदे.
मोजता मोजता मागच्या बाजूला गाणी होतात,
म्हणजे पावतीच्या मागच्या बाजूला.

अशा सत्तावीस पावत्या साठल्या तेव्हा
बेकरीच्या दारावर चिठ्ठी डकवली:
शब्द आहेत. चाल अर्धी आहे. पैसे नाहीत.
जे मिळेल ते सारखं वाटून घेऊ.
आदेरितो, गोदी क्रमांक दोन.

वाऱ्यानं ती दोनदा उडवून नेली.
इथला वारा बारा महिने फुकट वाजतो,
त्याला टक्केवारी कोण विचारणार?

पहिला आला तेओफिलो, गिटारवाला.
"टक्क्यांनी पोराचे बूट येतात का?"
नाही येत, मी म्हटलं.
"मग हॉटेलच बरं. रात्रीचे दोन हजार,
वर माशाचं जेवण."
निघाला. दारात थांबला.
"दुसरं कडवं कसं जातं?"
मी गुणगुणलो.
"तिथे खाली उतरू नकोस," म्हणाला,
आणि हे मात्र फुकट सांगून गेला.

ढोलवाल्यानं निम्मं मागितलं.
लोक नाचतात ते माझ्यामुळे, म्हणाला. तेही खरंच.
राजधानीतून एक इस्त्रीचा शर्ट आला,
त्याच्या कागदावर माझं नाव फार मोठं होतं
आणि आकडा फार बारीक.

मग इवांद्रा.
डोक्यावर माशांचं घमेलं, तसंच्या तसं ठेवून
तिनं चिठ्ठी वाचली आणि हसली.
"अरे, हे तर आमच्या होडीचंच झालं!
होडीचा एक वाटा, जाळ्याचा एक,
वल्ह्यावर बसला त्याचा एक,
आणि आजारी म्हणून जो किनाऱ्यावर राहिला
त्याला अर्धा."
त्याला का?
"उद्या तू आजारी पडशील म्हणून."
आणि मासाच लागला नाही तर?
"तर रिकामी होडी
सगळ्यांनी मिळून ओढायची. तीही जडच असते."

तिचा आवाज सकाळभर भाव ओरडून झिजलेला.
पण झिजलेल्या पायरीवरच पाय नीट बसतो.

न्यो पोर्फिरियो न्हावी, व्हायोलिन वाजवायचे.
म्हणाले, मला अर्धाच द्या, हात थरथरतो.
इवांद्रा म्हणाली, थरथरीचे पैसे कापायची
आमच्याकडे रीत नाही.

जुस्तिनाच्या बारमागची कोठी मिळाली,
कांद्यांच्या पोत्यांत आवाज घुमत नाही.
बल्ब तिचा, वीज तिची, म्हणून एक वाटा तिचा.
तेराव्या रात्री दार वाजलं. तेओफिलो.
"बूट घेतले," एवढंच बोलला
आणि तारा जुळवायला बसला.

दुसऱ्या कडव्यात आम्ही खाली उतरलो नाही.

आठ महिन्यांनी पहिली कमाई आली:
तीनशे सेहेचाळीस एस्कुदो.
पाच जणं, प्रत्येकी एकोणसत्तर.
मी आयुष्यभर मोजत आलोय, तरी तीनदा मोजले.
एक एस्कुदो उरला.

गाणं रेकॉर्ड करायला लागला त्याहून जास्त वेळ
त्या नाण्याला लागला.
त्या आठवड्यात आजारी कुणी नव्हतं.
जुस्तिना म्हणाली, बल्ब गेलाय.
इवांद्रा म्हणाली, बल्ब काय एका एस्कुदोला येतो?
तेवढ्यात न्यो पोर्फिरियोंनी ते नाणं उचललं
आणि व्हायोलिनच्या फटीतून आत सोडलं.
हात थरथरला, तरी बरोबर आत गेलं.

आता वरच्या पट्टीत गेलं की ते आत वाजतं.
बारीक, किणकिण, तालाच्या जरा मागून.
इस्त्रीचा शर्ट परवा पुन्हा आला होता,
म्हणाला, ते काढा, मग बोलू.

आम्ही मतं घेतली.
चार मतं, राहू दे.
पाचवं तेओफिलोचं:
राहू दे, पण त्याला सुरात यायला सांगा.