पाणी निळं नव्हतं

झीलंडमध्ये, बांधाच्या आतल्या बाजूला, मारिनुसचं घर.
भिंतीवर साठ-पासष्ट निळ्या-पांढऱ्या ताटल्या:
राणीच्या राज्यारोहणाची एक,
दूधसंघाच्या पन्नाशीची,
खाडीवरच्या पुलाची. तिच्यात एक कमान कमी पडलीय,
म्हणून तिला तो जास्त जपतो.

याकोमिना म्हणते, एवढ्या ताटल्या घरात
आणि जेवायला चार, त्यातल्या दोन टवके उडालेल्या.

त्रेपन्नच्या पुराची त्याला परवा मिळाली,
जुन्या बाजारात, दोन युरोला.
विकणारा पोरगा म्हणाला, होडीचं चित्र आहे, काका.

होडी आहे. कौलारू छप्पर आहे.
छपरावर कुत्रं, आणि हात वर केलेलं कुणीतरी.
लाटा कशा, वेणी घातल्यासारख्या.
खाली तारीख, सुबक अक्षरांत.

तो भिंग घेऊन बसला.
"पाणी निळं नव्हतं," म्हणाला.
एवढंच.
सात वर्षांचा होता तेव्हा, पोटमाळ्यावर;
बाकीचं याकोमिनाने पन्नास वर्षांत
कधी विचारलं नाही.

ही ताटली भिंतीवर गेलीच नाही.
ओट्यावर पडून राहिली खिळ्याची वाट बघत,
आणि रविवारी घाईघाईत हिने नेमकी तीच घेतली,
उकडलेले बटाटे वाढले, वर दाट रस्सा.

रस्सा पसरला.
लाटांवर, होडीवर,
छपराच्या कडेपर्यंत तपकिरी.
"अगंबाई," ती उठली, "आण इकडे, धुते."

त्याने ताटली दोन्ही हातांनी धरून ठेवली.
कुत्रं अजून कोरडं होतं.