पारसुमाशचा थोरला

तीन पाट्या आहेत माझ्याकडे, तिन्ही भाकरीच्या.
म्हणजे भाकरीच्या हिशेबाच्या. राजवाड्याच्या कोठारातून
कुणाला किती.
निनवे जळलं तेव्हा कच्च्याच होत्या,
आगीने भाजून पक्क्या केल्या.

पहिलीवर: पारसुमाशच्या राजाचा थोरला मुलगा, उ-मर-ना.
भाकरी सात, जवाच्या दारूचे घडे दोन, घोडी एक.
दुसरीवर: हु-बर-नू. हाही थोरलाच.
भाकरी सात. घोडी एक, शिंगरू एक.
तिसरीवर नावाच्या जागचा ढलपा उडालाय.
राहिलाय फक्त उभा खिळा,
जो ते पुरुषाच्या नावाआधी टोचत.
एक हा आकडाही ते असाच लिहीत.
भाकरी चार. घोडीचा उल्लेख नाही.

आमच्या संग्रहालयाच्या जुन्या सूचीत हे तीन राजपुत्र आहेत.
उस्ताद यल्दांनी तीन कार्डांवर मांडलेले,
शाई कुठेही न फुटलेली.
यल्दा सहसा चुकत नसत.
चुकले तर दोन दिवस कुणाशी बोलत नसत.

मी हिवाळाभर तीच माती भिंगाखाली फिरवत बसले.
पलीकडे दजलेवर धुकं, आणि खोलीत एकच शेगडी,
तीही पाट्यांपासून लांब ठेवायची.
निनवेच्या लेखनिकांच्या बोरूत व नव्हता.
व कानावर आला की एखादा म उमटवायचा, एखादा ब.
सुरुवातीचा ह तर कुणी ऐकलाच नाही असं धरायचं.
आपल्याकडे येणाऱ्याचं नाव
आपल्या सोयीने घ्यायचं, ही रीत जुनी आहे.

मग खालची ओळ.
तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं, कारण तिथे राजा नाही:
दुभाष्या उबरू-हर्रान, भाकरी दोन.
तिन्ही पाट्यांवर तोच. एक खिळा इकडचा तिकडे नाही.
त्याचं नाव सगळ्यांना नीट लिहिता येत होतं.

खाली एकच माणूस, तर वर तिघे कसे?

पहिल्या आणि तिसऱ्या पाटीत अकरा वर्षांचं अंतर.
अकरा वर्षांनी ओलिसाला दुभाष्या कशाला लागतो?
शिकला नसेल.
किंवा शिकला असेल
आणि बोलत नसेल.

माझा भाऊ पिथ्यू.
मोसुलच्या ओळखपत्रावर फथ्यून, अरबीत प नाही म्हणून.
अंकाराच्या कागदावर फेत्युन.
स्वीडनमध्ये, घराबाहेरच्या पत्रपेटीवर, पेतियोन.
हे तीन कागद उद्या कुणाला एका खोक्यात सापडले
तर तो आईच्या नावावर तीन मुलगे लावेल.
आई असती तर म्हणाली असती,
तिघांनी मिळूनही एक पत्र नाही पाठवलं.

फोनवर मी त्याला सगळं सांगितलं.
तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं,
घोडीचं काय झालं?
मला माहीत नाही म्हटलं.
विकली असेल, मेली असेल, परत पाठवली असेल
डोंगरांकडे, कुणाच्या तरी हाती, निरोप देऊन.
शिंगराचंही काही कळत नाही.

काल मी दोन कार्डं सूचीतून काढली.
उरलेल्या एकावर लिहिलं: हुवर्न,
आणि पुढे प्रश्नचिन्ह.
यल्दांची माफी मागितली, मनातच.
दोन राजपुत्र एका दुपारीत गेले,
ज्यांचा बाप कधी दरवाजात वाट बघत उभा नव्हता,
तरी हात धुवावेसे वाटले.

कचेरीतल्या सुलाफने एवढंच विचारलं,
त्या कार्डांची मागची बाजू कोरी आहे ना?
कागद संपलाय.
आता तिथे जनरेटरचा हिशेब आहे:
डिझेल, कॅन चार.
घेणाऱ्याचं नाव लागत नाही.