ऱ्हस्व उकार

अप्पा बळवंत चौकात, दहावीच्या गाइडांच्या ढिगावरून
एक लोखंडी जिना वर जातो.
वर निहाल मुलाणीचं दुकान, हातभर काउंटर,
आणि काउंटरवर दोन करड्या पाट्या.
पाट्याच म्हणते मी. तो टॅब्लेट म्हणतो;
मला त्या शब्दानं रक्तदाबाची गोळी आठवते.

"मॅडम, वाचायला हवाय की लिहायला?"
बत्तीस वर्षं मुद्रितं तपासली, बाळा,
वाचणं कुठं संपतं नि लिहिणं कुठं सुरू होतं
हे मला कधी कळलंच नाही.
समासात लाल शाई, एवढाच काय तो माझा मुलूख.
आता प्रेसमधून कागद येत नाही, पीडीएफ येते,
आणि मोतीबिंदू काढलेले डोळे लॅपटॉपपुढं
संध्याकाळपर्यंत भाजून निघतात.
गुरांच्या रोगांचा कोश, दोन हजार पानं, त्याचे पैसे आलेत.
लाळ्या-खुरकुताच्या कृपेनं ही खरेदी.

पहिली पाटी देखणी. आतून उजेड,
खोलीतला दिवा मालवून वाचावं इतका मऊ.
हाताला हलकी, पोळीएवढी.
मी शब्दकोश उघडला, तर
'किती'मधला क एकीकडे, वेलांटी एकीकडे,
मध्ये ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ:
पंगतीत पाट मांडलाय आणि पाहुणा उठून गेलाय.
"अपडेटमध्ये येईल," निहाल म्हणाला.
"वेलांटी अपडेटमध्ये येते होय," मी म्हणाले.

दुसरी मोठी. उजेड नाही;
दिवा लागेल, खिडकी लागेल,
म्हणजे कागदाच्याच सगळ्या खोडी.
चौदा हजारांनी महाग, पेनाची टोकं झिजतात ती वेगळी.
पण जोडाक्षरं शाबूत. ष्ट्र, ज्ञ, ऱ्हा,
आणि ळ असा गोल, की दळायला बसावं.
पान उलटलं की काळा डोळा मिचकावते,
आणि मागच्या पानाची पुसट सावली
पुढच्या ओळींखाली रेंगाळते.
"घोस्टिंग म्हणतात. डिफेक्ट नाही," तो घाईनं.

मी पेन उचललं. आत आधीच गर्दी,
येणारा-जाणारा काहीतरी खरडून गेलेला.
कुणाचा मोबाइल नंबर, नऊच आकडी. एक मांजर.
'आई' सात वेळा, दर वेळी वेगळ्या जाडीत.
'नविन पेन टेस्ट'.
शूभम. शूभम. शूभम काळोखे.
मग हात काही माझा राहिला नाही.
'वि'वर आडवी रेघ, समासात 'वी'.
शूभमचे पहिले दोन दीर्घ मोडले,
तिसऱ्याशी थबकले.
आडनावासकट लिहिलंय त्यानं. असेल तसंच
घरच्यांनी ठेवलेलं. राहू दे.

"रात्री शटर ओढताना सगळं पुसतो मी,"
निहाल माझ्या खुणांकडे बघत म्हणाला.
"पूस. पण रात्रीपर्यंत तरी शुद्ध असू दे."
आणि मोठीवर बोट ठेवलं,
उजेडावर पाणी सोडलं.

नव्या पेठेत, घरी, खोकं उघडून
कोऱ्या पानासमोर बसले.
दिवा जागेवर, पेन जागेवर, हात हलेना.
खाली कुणीतरी स्कूटर कलती करून
किका मारत होतं, ती काही सुरू होईना.
आधी कुणी चुकल्याशिवाय
मला सुरुवातच करता येत नाही,
हे बासष्टाव्या वर्षी कळतं, ते असं.

मग मीच लिहिलं: शरयु.
बघितलं. पुसलं. शरयू लिहिलं.
आणि त्या दीर्घाच्या पोटात, राखेच्या रंगाचा,
तो ऱ्हस्व अजून होता.
पान उलटलं तर जाईल, निहाल म्हणाला होता.

स्कूटर सुरू झाली, गेली.
पान मी अजून उलटलेलं नाही.